विद्यागुरूंचा हिरवा धागा

सभागृहाच्या दारात आयाबाया एकमेकींना रेटत होत्या. आत विद्यागुरू माइकवर गरजत होते, "माता-भगिनींनो, हा साधा धागा नव्हे! यात स्मरणलहरी आहेत. मनगटाला बांधा, एकवीस दिवसांत पोराचे मार्क दुप्पट!"

"मग धाग्यासोबत हे छापील पत्रक कशाला?" मी विचारलं. मी तिसरीची वर्गशिक्षिका. माझ्या अर्ध्या वर्गाचे पालक रांगेत होते.

"नियम आहेत, बाई. मोडले की लहरी उडाल्या!"

टीव्ही-मोबाइल बंद, नऊला झोप, शाळेआधी पोटभर न्याहारी, रोज तासभर आईनं नाहीतर बापानं शेजारी बसायचं. माझ्या मनात पाल चुकचुकली. अहो, हेच तर मी पालकसभेत घसा कोरडा पडेपर्यंत सांगते!

पण एकवीस दिवसांनी पोस्टमनच्या मुलाचे मार्क खरंच वाढले. वाढले नाहीत ते माझ्या शेजारच्या, कपडे शिवणाऱ्या वहिनींच्या मुलीचे; तीही माझ्याच वर्गातली. वहिनींनी एकही नियम मोडला नव्हता. गुरूंनी निकाल दिला, "हिच्या बुद्धीला कुलूप आहे. शाळेतून काढा, शिवणाला बसवा." आणि वहिनी निघाल्या की दाखला मागायला!

"दोन दिवस थांबा हो," मी हातापाया पडले.

मुलीला तोंडी गणितं घातली; फटाफट सुटली. वहीत मात्र फळ्यावरून उतरवताना पाचाचा चार, नवाचा एक झालेला. त्या चुकीच्या आकड्यांचं उत्तर अगदी बरोबर! तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चांगला जाड चष्मा लागला.

"मग पोस्टमनचा पोरगा?" वहिनी हटेनात. "तो धाग्यानंच ना सुधारला?"

पोराला बोलावलं. तो रडकुंडीला आला. "बाबांना सांगू नका. धागा दुसऱ्याच दिवशी गटारात पडला. हा या काकूंच्या शिवणाच्या चिंध्यांतला आहे."

वहिनींनी त्याच्या मनगटावरचा धागा निरखला, मग लेकीचा. "अगं बाई, दोन्ही एकच! काजं करायचा धागा हा. रोज हाताखालून जातो आणि मी मेली ओळखला नाही!" मग लेकीकडे वळल्या. "दिसत नाही म्हणून सांगायचं नाही का गं?"

"मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसतं."

वहिनी रडायला लागल्या. मला माझीच लाज वाटली. सहा महिने ती माझ्यासमोर शेवटच्या बाकावर डोळे बारीक करून बसली होती.

म्हणून सांगते, पोर मागे पडलं तर त्याची झोप बघा, भूक बघा, डोळे-कान तपासून घ्या, त्याच्या शेजारी बसा. आम्हा शिक्षकांनाही जाब विचारा. पण कुणा गुरूच्या शब्दावर त्याची शाळा सोडवू नका. त्या पोरीच्या दाखल्यावर सही माझीच झाली असती.