मार्लिसचं भांडं

सोमवारी सकाळी लव्हॉनच्या घरासमोरच्या हिरवळीत 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकली जाणार होती, आणि शेजारच्या गॉर्डीला तिनं अजून एका अक्षरानंही सांगितलं नव्हतं. आज शनिवार. पाटी ठोकायला माणूस येईल तेव्हा गॉर्डी नेहमीसारखा गॅरेजचं दार वर करून, घडीच्या खुर्चीत कॉफी पीत बसलेला असणार. सत्तावीस वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाला ही बातमी एका पाटीवरून कळणार.

"सांगितलंस का त्याला?" शिकागोहून तिच्या बहिणीनं, ट्रूडीनं, फोनवर सकाळीच विचारलं.

"आज सांगते."

"हे गेल्या शनिवारीही म्हणाली होतीस. अगं बाई, घर तुझं, जायचं तुला. त्याची काय परवानगी काढायचीय?"

"तसं नाही गं. तुला नाही कळायचं ते."

"हो ना, आम्ही शहरातले उद्धट. जे असेल ते तोंडावर बोलून मोकळे होतो. तुमच्या विस्कॉन्सिनात घराला आग लागली तरी आधी हवापाण्याची चौकशी करतील, मग म्हणतील, तुम्हाला त्रास होणार नसेल तर जरा बादली देता का!"

लव्हॉनला हसू आलं आणि रागही आला. ती स्वतः शिकागोचीच. डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या खडखडाटात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर वाढलेली. लग्न करून तिचा नवरा रस तिला या हॅरो क्रीकमध्ये घेऊन आला, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ती फिरायला म्हणून बाहेर पडली आणि दहा मिनिटांत परत आली. जायला काही ठिकाणच नव्हतं. सगळी घरं एका साच्यातली, सगळ्यांची हिरवळ एका उंचीची, आणि पाव आणायचा तर गाडी काढा. रस्त्यावर माणूस दिसलाच तर तो कुत्र्याला फिरवत असायचा, बिनकुत्र्याचं कुणी चालताना दिसलं की गाड्या हळू व्हायच्या आणि काचा खाली करून लोक विचारायचे, "गाडी बंद पडली का? सोडू का कुठे?" प्रेमानं विचारायचे, हीच तर पंचाईत होती. लोक वाईट असते तर लव्हॉन केव्हाच निघून गेली असती.

आणि माणसाचं असं असतं की ज्या जागेला नावं ठेवतो तिथंच मुळं धरतो. ऑक्टोबरातला मेपल तिला आवडायचा. शुक्रवारी चर्चच्या तळघरात मिळणारी तळलेली मासळी आवडायची. ट्रूडीकडे चार दिवस राहिलं की शेजारच्या घरातली भांडणं ऐकून तिचं डोकं उठायचं, आणि परत आल्यावर या शांततेत पुन्हा जीव घुसमटायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

खरी गोष्ट मात्र या आवडीनिवडीच्या पलीकडची होती, आणि ती तिनं ट्रूडीलाही सांगितली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी रस गेला, तेव्हाच ट्रूडीच्या खालचं घर रिकामं झालं होतं. "ये इकडे," ट्रूडी म्हणाली होती. लव्हॉननं मनातल्या मनात पडद्यांचे रंगसुद्धा ठरवले होते. पण त्याच दिवसांत शेजारची मार्लिस रोज संध्याकाळी जेवणाचं गरम भांडं घेऊन दारात यायची. तिचा नवरा गॉर्डी स्वतःचं गवत कापता कापता लव्हॉनचंही कापून टाकायचा, आणि 'थँक यू' म्हटलं तर म्हणायचा, "यंत्र चालूच होतं." अशा माणसांना कुठल्या तोंडानं सांगायचं की मी चालले? आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ते घर दुसऱ्या कुणी घेतलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. लव्हॉन राहिली, आणि मनातल्या मनात या दोघांवर चरफडत राहिली. इतकं चांगलं वागायला यांना सांगितलं होतं कुणी?

मग गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात मार्लिस गेली. दफन उरकून लव्हॉन घरी आली, दारात बसून बर्फानं भिजलेले बूट काढत होती, आणि तिच्या मनात आलं, 'आता जाता येईल.' एवढंच. डोळ्यांत पाणी होतं, हातात बूट होता, आणि मनात हे. त्या क्षणाची तिला आजही इतकी लाज वाटायची की गॉर्डी समोर आला की ती त्याच्या टोपीकडे बघून बोलायची.

दुपारी तिनं भोपळ्याचा केक केला. ट्रेमध्ये पसरट भाजून, वर क्रीम चीज लावून चौकोनी तुकडे कापले. ते भरायला कपाटातून काढलं ते मार्लिसचंच काचेचं भांडं. तळाला चिकटपट्टी, पट्टीवर मार्लिसच्या गोल अक्षरात तिचं नाव. ते भांडं कितीतरी वर्षं या दोन घरांत ये-जा करत होतं, कारण रिकामं परत द्यायचं नाही ही तिकडचीही रीत आहे. मार्लिस गेल्यावर ते लव्हॉनच्या कपाटात अडकून पडलं होतं. निदान ज्याचं त्याला देऊन जावं, असं तिनं ठरवलं. तेवढंच एक निमित्त.

गॉर्डी घरातच होता. त्यानं दार उघडलं, भांडं बघितलं आणि म्हणाला, "अगं, कशाला त्रास घेतलास!"

"त्रास कसला. जास्तच झाले होते."

"ये ना. पण तुझं काही काम अडत असेल तर..."

"नाही, पण तुझंच काही चाललं असेल तर..."

असं दोघांनी दारात तीनदा एकमेकांना नको नको म्हणून झाल्यावर ती आत गेली. स्वयंपाकघर नको इतकं नीटनेटकं होतं. ओट्यावर एकच बशी, एकच कप. गॉर्डीनं कॉफी ओतली.

"थंडी लवकर येणार यंदा," तो म्हणाला.

"हो, खारी आत्तापासूनच धावपळ करतायत."

"गेल्या वर्षी या सुमाराला मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होतो."

"होतास खरा."

मग महामार्गाच्या दुरुस्तीवर बोलून झालं. रविवारी आपला फुटबॉलचा संघ कसा हातातला सामना घालवून बसला यावर बोलून झालं. लव्हॉननं कप खाली ठेवला आणि घसा साफ केला. "गॉर्डी, मी काय म्हणत होते..."

"बरी आठवण केलीस!" गॉर्डी एकदम खुलला. "तुला दाखवायचंच राहिलं. नवीन मशीन घेतलं बर्फ उडवायचं. जुन्यानं आता दोन घरांचे रस्ते होत नव्हते. हे बघ, एका फेरीत तुझा रस्ता साफ. तू झोपेतून उठायच्या आत."

"उगीच घेतलंस," ती कशीबशी म्हणाली.

"उगीच कसं? माझ्या एकट्याला एवढं मोठं कशाला लागतंय?"

सांगायची वेळ निसटली. तिनं दोन्ही हात मांडीवर थापटले आणि म्हणाली, "बरं तर मग." हॅरो क्रीकमध्ये याचा अर्थ 'मी निघते' असा होतो, आणि 'निघते' म्हणजे अजून निदान अर्धा तास. दोघं उठून उभे राहिले, उभ्यानं गॉर्डीच्या गुडघ्याबद्दल बोलले, मग दारापर्यंत आले, दारात त्याच्या जोडी नावाच्या मुलीच्या जुळ्या पोरांबद्दल बोलले. जोडी मिनेसोटात राहायची, गाडीनं पाच तासांवर. पोरांना आता मिसरूड फुटलं होतं.

"फोनवर बोलतात," गॉर्डी म्हणाला. "हो, नाही, ठीक. त्या वयात दुसरं काय बोलणार!"

लव्हॉननं दाराच्या मुठीवर हात ठेवला. आता नाही तर कधीच नाही.

"थांब, थांब," गॉर्डी म्हणाला, "भांडं विसरलीस."

"ते तुझंच आहे. मार्लिसचं."

"म्हणून काय तसंच ठेवून घेऊ? ती मला झोपू देणार नाही." तो आत वळला. केकचे तुकडे बशीत काढायला लागला. "मला काही करता येत नाही, पण झाडाची सफरचंदं आहेत. तू तुझा तो अ‍ॅपल पाय कर, आणि त्यातला माझा वाटा याच भांड्यातून आण. घाई नाही. नाताळपर्यंत आण."

भांड्यात सफरचंदं पडण्याचा आवाज येत होता. लव्हॉन दारातून मागे आली आणि तिनं त्याचा हात धरला.

"नको भरूस, गॉर्डी. मला ते परत आणून देता येणार नाही."

गॉर्डीच्या हातात सफरचंद तसंच राहिलं.

"मी घर विकतेय. शिकागोला चाललेय, ट्रूडीकडे. सोमवारी पाटी लागेल. मी तुला आधीच सांगायला हवं होतं, महिन्यापूर्वी सांगायला हवं होतं. माझं चुकलं. मला धीर होत नव्हता."

गॉर्डीनं सफरचंद टोपलीत परत ठेवलं, अगदी हळू. मग म्हणाला, "बरं. चांगलं आहे. बहीण आहे तिथं. चांगलंच आहे." आणि पाठोपाठ, "चांगली किंमत यायला हवी घराची. छप्पर नवीन आहे तुझं." तो तिच्याबरोबर बाहेर आला. दोघं त्याच्या गॅरेजसमोरच्या गाडीरस्त्यावर उभे राहिले.

"रागावलास?" तिनं विचारलं.

"छे! मी कशाला रागावू?" त्यानं टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, पुन्हा घातली. "आम्हीही जाणार होतो ना एकदा."

"कुठे?"

"जोडीकडे. तिनं गॅरेजवर आम्हाला खोली बांधून घेतली होती. वेगळा जिना, वेगळं दार. पोरं तेव्हा लहान होती, मार्लिसच्या मागे मागे करायची. आमचं सामान अर्धं बांधून झालं होतं. आणि रस गेला."

"रस गेला तेव्हा?" लव्हॉननं विचारलं.

"मार्लिस म्हणाली, लव्हॉनला अशी टाकून कशी जाऊ? वर्षभर थांबू. वर्षाचं दुसरं वर्ष झालं. मग तिचं दुखणं निघालं आणि दवाखाना इथलाच बरा म्हणून राहिलो."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जा, माझी काळजी करू नका."

म्हणाली असती. नुसती म्हणाली नसती, त्यांचं सामान गाडीत चढवून दिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी आपलं बांधलं असतं. एकाच हिरवळीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन घरं जायच्या तयारीत अडकून बसली होती, आणि रोज संध्याकाळी मधल्या गवतावरून गरम भांडं जात-येत होतं. लव्हॉनला ओरडून हे सांगावंसं वाटलं. मी तुमच्यासाठी राहिले रे, गॉर्डी, तुम्ही माझ्यासाठी कशाला राहिलात!

पण गॉर्डी अजून बोलत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, रस्त्यापलीकडच्या टपालपेटीकडे बघत होता.

"शेवटी शेवटी मी तिला एकदा टाकून बोललो. दवाखान्यातच. म्हटलं, तुझ्या त्या लव्हॉनपायी आपली नातवंडं आपल्याला ओळखेनाशी झाली. तिनं काय मागितलं होतं का तुझ्याकडे? मार्लिस भिंतीकडे वळून झोपली. त्यानंतर आठवडाभरच होती." त्यानं नाक ओढलं. "मला हे तुला कधी विचारता आलं नाही. आता तू चाललीच आहेस म्हणून विचारतो. आम्ही गेलो असतो तर तुझं कठीण झालं असतं ना गं? तिचं बरोबर होतं ना?"

खरं काय ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती तिच्या जिभेवर होती, आणि ती बोलून टाकली असती तर तिची स्वतःची छाती हलकी झाली असती. पण मग मार्लिस थांबली ती कशासाठी? आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या बायकोला या माणसानं कुठल्या तोंडानं आठवायचं? लव्हॉननं पहिल्यांदाच त्याच्या टोपीकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं.

"मी जगलेच नसते, गॉर्डी," ती म्हणाली. "त्या वर्षी तुम्ही दोघं नसतात तर मी जगलेच नसते."

"खरं?"

"अगदी खरं. रोज संध्याकाळी तिच्या पावलांची वाट बघायचे मी."

गॉर्डीनं मान हलवली. एकदा, दोनदा. त्याचे खांदे खाली आले. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "मग तिचंच बरोबर होतं. मी उगीच बोललो तिला." आणि तो रडायला लागला, तोंड फिरवून, इकडचे पुरुष रडतात तसा, जणू डोळ्यात काही गेलंय.

ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. समोरच्या रस्त्यावर एक गाडी हळू झाली, काच खाली आली, आणि कुणीतरी विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" दोघांनी एकदम हात हलवून ठीक आहे म्हणून सांगितलं.

मग गॉर्डी म्हणाला, "बरं तर मग," आणि लव्हॉन गवतावरून आपल्या घराकडे निघाली. आपलं खोटं तो पकडेल, निदान एखादा प्रश्न विचारेल, असं तिला वाटलं होतं. इतक्या पटकन तो विश्वास ठेवील असं वाटलं नव्हतं.