कपाटावरचं बाळ

सोमवारी चौकटीवालीने बाळाला कपाटावर ठेवलं. म्हणजे चित्रातल्या बाळाला. वर्तमानपत्रात रोज तीन चौकटींत एका कुटुंबाची गंमत काढायची, हे तिचं काम. त्यावरून कचेरीत तिला हे नाव पडलं होतं.

त्या दिवशी चित्रातली आई किल्ल्या शोधत होती. हात मोकळे हवेत म्हणून दुसऱ्या चौकटीत बाळ कपाटावर गेलं, तिसरीत किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या. विनोद बेताचाच होता. बाळाला उतरवायचं राहून गेलं.

तिचं स्वतःचं बाळ चार महिन्यांचं. ते कधी नव्हे ते दुपारभर झोपलं, तेव्हा तिने बारा दिवसांची चित्रं एका दमात हातावेगळी करून कचेरीत देऊन टाकली होती. त्यामुळे पुढे ते कुटुंब रोज जेवलं, भांडलं, पाहुण्यांना कंटाळलं. बाळ वरच.

गुरुवारी पत्रं यायला लागली. एका नर्सने कपाटाची उंची अंदाजाने काढून कळवली. एका आजोबांनी एवढंच विचारलं, की त्याला दूध कोण देतं. शनिवारी सकाळी संपादकांचा फोन आला. चारच्या आत बाळ खाली आलं पाहिजे, नाहीतर सोमवारपासून त्या जागी शब्दकोडं.

शब्दकोड्याचं एक वेळ तिने सोसलं असतं. पण तो पेपर सासूबाईही वाचत, आणि गुरुवारपासून अवाक्षर न काढता त्यांनी नातवाला स्वतःकडे घेण्याचा सपाटा लावला होता. आई म्हणून आपण नापास झालो, असं तिने धरूनच टाकलं.

तीन वाजले तरी कागद कोरा. आई बाळाला विसरलीच कशी, याचं कारण काही सापडेना.

सासूबाई नातवाला थोपटत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्याच्या बापाला मी दुकानात विसरले होते," त्या म्हणाल्या. "साबणाच्या खोक्यावर बसवला, पैसे दिले नि निघाले. कोपऱ्यापर्यंत आल्यावर वाटलं, आज ओझं हलकं कसं."

"मग हो, आई?"

"मग काय. धावले." जरा थांबून त्या म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस. उगाच मनाला लावून घेईल."

तिने कारणाचा नाद सोडला. पहिल्या चौकटीत आई रस्त्यात थबकली. दुसरीत धावत सुटली. तिसरीत बाळ तिच्या खांद्यावर होतं. चित्र तिने लगेच कचेरीत पाठवून दिलं.

चारला पाच कमी असताना संपादकांचा फोन आला. यात विनोद कुठाय, त्यांनी विचारलं.

"बाळ खाली आलंय," ती म्हणाली.

"बरं," संपादक म्हणाले. "छापतो."