पोस्टरमागचा गुडघा

मित्रांनो, सत्याला मरण नाही. ते काळाच्या छातीवर पाय रोवून उभं राहतं आणि एक दिवस साऱ्या जगाला दिसतंच. मी स्वतः ते सत्य आहे. सध्या मला कोंबड्यांच्या खुराड्याच्या खिडकीला ठोकलेलं आहे आणि साऱ्या जगापैकी एक तांबडी तलंग तेवढी माझ्याकडे बघते. तीही मी खाण्याजोगी आहे का, एवढंच बघते.

मी एक जुनी एक्स-रे फिल्म आहे. तशी फार जुनी नव्हे, पण निवडणुकीत सापडलं की माणूस काय आणि फिल्म काय, लवकर म्हातारी होते. माझा जन्म दौंडच्या एका दवाखान्यात झाला. आमच्याकडे मला ‘फोटो’ म्हणतात. माझ्या अंगावर स्नेहलचा उजवा गुडघा आहे.

स्नेहल पंचविशीतली. माहेर कवठे येमाईचं, सासर राहूच्या पुढं नदीकाठच्या एका वाडीत. नवरा सत्यजीत कुरकुंभला कंपनीत शिफ्टवर. तिचा गुडघा कितीतरी महिने दुखत होता. सासूबाई साखरबाईंनी त्याला इतकं तेल चोळलं की तेवढ्यात गावजेवण तळून झालं असतं. सूज मात्र वाढतच गेली. शेवटी सासरे बाळासो तिला दौंडला घेऊन आले, आणि मी जन्मले.

डॉक्टर करुणांनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला साबणाच्या फेसासारखे बुडबुडे होते.

“ताई, ही हाडातली गाठ आहे,” त्या म्हणाल्या. “जायंट सेल ट्यूमर असावी. बहुतेक वेळा ही कॅन्सरची नसते, पण हाड आतून पोखरत जाते. एमआरआय करू, सुईनं तुकडा काढून तपासू, म्हणजे पक्कं कळेल. अजून हाडाची बाहेरची साल शाबूत आहे. ती आहे तोवर गाठ खरवडून काढता येते, पोकळीत सिमेंट भरता येतं. गुडघा तुमचा तुमच्याकडंच राहतो. पण तोवर या पायावर भार टाकायचा नाही. कुबड्या घ्या.”

बाळासो रस्त्यांची कंत्राटं घेत. एवढ्या बोलण्यातला एकच शब्द त्यांच्या ओळखीचा निघाला.

“सिमेंट? ते तर आपल्याकडं पडूनच हाय.”

“ते वेगळं असतं, मामा.”

“व्हय, तुमचं म्हाग असंल.”

घरी आल्यावर त्यांनी मला ट्यूबलाइटसमोर धरलं. उलटं धरलं. पोटरी वर आणि मांडी खाली, अशा अवस्थेत त्यांनी मला बराच वेळ निरखलं आणि निकाल दिला, “मला तर काय दिसत न्हाई.”

आता मित्रांनो, अडचण अशी होती की सरपंचपद त्या वर्षी महिलेला राखीव होतं आणि स्नेहलचा अर्ज भरून झाला होता.

“कुबड्या?” बाळासो म्हणाले. “समोरच्या पॅनेलचा रखमाजी माईकवरनं बोलंल, ज्यांचा उमेदवारच उभा राहत न्हाई, ते गाव काय उभं करणार?”

“आबा, हाड मोडंल म्हणल्यात डॉक्टर,” स्नेहल म्हणाली.

“मतदानापातूर काय मोडतंय? तुमच्या पिढीला कळच निघत न्हाई.”

स्नेहलनं सत्यजीतकडं पाहिलं. तो म्हणाला, “आमच्यात नुसता हातमोजा नसला तरी गेटवरनं माघारी पाठवत्यात.” तिच्या चेहऱ्यावर जरा आशा आली. तो पुढं म्हणाला, “पण ते कंपनीत.”

तोड साखरबाईंनी काढली. “का लंगडती म्हणून कुणी इचारलं तर सांगायचं, नवस बोललीय. मत पडंस्तवर अनवाणी फिरणार. खडं टोचत्यात म्हणून लंगडती.”

साऱ्या घराला ही युक्ती पसंत पडली. तिच्यात खोट एवढीच होती की आता स्नेहलला खरोखरच अनवाणी फिरावं लागणार होतं.

राहिला माझा प्रश्न. घरात प्रचाराची माणसं येणार, कुणाच्या हाती लागले तर? तेवढ्यात बाळासोंना स्नेहलचं पोस्टर वाऱ्यानं वळताना दिसलं. त्याला मागं काहीतरी ताठ हवं होतं. त्यांनी खळ घेतली, स्नेहलचा हात जोडून हसणारा फोटो माझ्या अंगावर चिकटवला आणि मला एका काठीला बांधलं. पुढून स्नेहलचं हसू, मागून स्नेहलचा गुडघा. अशी मी दारोदार फिरले. मला पुढून सगळ्यांनी पाहिलं.

डांबर तापलेलं असायचं, रानात तोडलेल्या उसाचे सड टोचायचे. स्नेहल एकेक पाऊल ठरवून टाकायची. नवसाची बातमी गावात वाऱ्यासारखी पसरली. बाया तांब्या घेऊन दारात उभ्या राहू लागल्या, तिच्या पायावर पाणी घालू लागल्या. एक म्हातारी तिचा गुडघा बघून गहिवरली. “बघा गं, भक्तीनं कसा सुजलाय!” तिनं त्या सुजेवर डोकं टेकवलं. स्नेहलनं ओठ इतका गच्च चावला की रक्त आलं. म्हातारीनं तेही भक्तीतच धरलं.

एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोघीच होतो. स्नेहलनं मला फिरवून उन्हाकडं धरलं. सगळ्या गावात मला सुलटं धरणारी ती एकटीच.

“साल हाय ना गं अजून?” तिनं मला विचारलं.

मी काय सांगणार? मी फोटो. मला तेवढा दौंडचा दिवस माहीत.

स्नेहल निवडून आली. डीजे लागला, जेसीबीच्या खोऱ्यातून गुलाल पडला. बाळासो म्हणाले, “आता नवस फेडायचा. उतर खाली, देवळात चालत जा. समदी बघत्यात.”

ती ट्रॉलीतून उतरली. उजवा पाय आधी टेकला. काडकन आवाज झाला तो मी ऐकला, कारण माझी काठी तिच्याच हातात होती. ती किंचाळली आणि तोंडावर पडली. डीजेपुढं किंकाळी काय टिकणार? लोकांना वाटलं, सरपंच गावाला दंडवत घालतायत. मागच्या बायांनीही भराभर दंडवत घातले. बाळासोंनी सद्गदित होऊन हात जोडले. कुणीतरी तिच्या पाठीवर गुलाल टाकला. गाणं संपेस्तवर ती तशीच पडून होती. एवढा मोठा नमस्कार आमच्या तालुक्यात आजवर कुणी केला नव्हता.

डॉक्टर करुणांनी विचारलं, “पहिला फोटो कुठाय?” तेव्हा माझ्यावरचं पोस्टर ओरबाडून काढण्यात आलं. अर्धं हसू निघालं, अर्धं राहिलं. नवा फोटो माझ्या शेजारी लावला. साल फुटली होती, गाठ आजूबाजूच्या मांसात उतरली होती, हाडाचे तुकडे सांध्यात घुसले होते. डॉक्टरांनी दोन्ही फोटोंवर बोट फिरवून दाखवलं. बाळासोंनी विचारलं,

“पदभार घ्यायच्या दिवशी उभी राहील का?”

पुण्याला तुकडा तपासला, गाठ तीच निघाली. आता नुसतं खरवडून भागणार नव्हतं. हाडाचं टोक गुडघ्यासकट कापून काढलं आणि तिथं धातूचा सांधा बसवला. गाठ पुन्हा येते का, छातीत तर उतरली नाही ना, हे बघायला स्नेहलला अधूनमधून पुण्याला जावं लागतं. तिला मांडी घालून बसता येत नाही. पण तशी अडचण होत नाही, कारण ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर आबाच बसतात.

मला खुराड्याला ठोकलं, कारण मी पावसानं भिजत नाही. तेवढा एक गुण त्यांना माझ्यात दिसला.

मित्रांनो, हाड महिनोन्‌महिने दुखत असेल, सूज वाढत असेल, तर तेलाची बाटली ठेवा आणि फोटो काढा. काढलात, तर मागच्या बाजूनंही बघा.

माझं स्वतःचं मागणं लहान आहे. स्नेहल रोज दाणे टाकायला येते. उभ्यानंच टाकते, आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघते, कारण मला इथंही उलटंच ठोकलंय. तिचा तो गुडघा आता फक्त माझ्यापाशी उरलाय. तेव्हा कधी या बाजूला आलात, तर खिळे गंजलेत, हातानं निघतील. मला तेवढं सुलटं लावून जा. कोंबड्यांची काही हरकत नाही.