तळव्यातली वाळू

सुतार आपल्या मुलीला पोहायला शिकवणार होता. त्यासाठीच त्यानं समुद्रकाठी ही खोली घेतली होती आणि त्याच बोलीवर मुलीच्या आईनं तिला पाठवलं होतं. नवराबायको वेगळे झाल्यापासून पोर पहिल्यांदाच त्याच्याकडे राहायला आली होती. "हे दिवस नीट गेले तर दर सुट्टीत पाठवीन," आई म्हणाली होती. "नाही गेले तर मला पुन्हा विचारू नका." बाई तोंडाची फटकळ, पण शब्दाची पक्की होती.

मुलीला सुतार ठकी म्हणायचा. पहिल्याच सकाळी दोघं धावत पाण्याकडे निघाले आणि घोटाभर पाण्यात पोचतात न पोचतात तोच सुताराचा पाय फुटक्या शिंपल्यावर पडला. टाचेजवळ बोटभर चीर गेली. रक्त बघून ठकी रडकुंडीला आली.

"काही नाही गं ठके, एवढंसं तर आहे. चल, बाबाची गंमत दाखवतो."

दुसऱ्या कुणी जखम धुतली असती, डॉक्टर गाठला असता. पण सुतारकीत उभा जन्म गेलेल्या माणसाला हे सुचायचं कसं? पटाशी लागो नाहीतर करवत, त्याच्या कामावर कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. लाकडाला लावायचा तोच झटपट गोंद जखमेवर सोडायचा, दोन्ही कडा दाबून धरायच्या आणि पुन्हा रंधा हाती घ्यायचा. आपला हात जगन्नाथ! गोंदाची ट्यूब सुट्टीतसुद्धा त्याच्या बॅगेत होतीच. खोलीवर येऊन त्यानं चीर अशी बेमालूम बंद केली की ठकीनं टाळ्या वाजवल्या. कारखान्यात फार तर भुसा असतो. इथं वाळू होती आणि ती आतच राहिली होती, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

"आजच्या दिवस सुकू दे. उद्या पाण्यात."

दुसऱ्या दिवशी तळवा टम्म फुगला होता आणि अंगात ताप होता. खोलीची मालकीण दारात येऊन म्हणाली, "डॉक्टरांना बोलावू का?"

"कशाला? संध्याकाळपर्यंत उतरेल."

हे "उतरेल" बायकोनं संसारभर ऐकलं होतं. छत गळो, काम सुटो, याचं आपलं "होईल ठीक". ती इथं असती तर कान धरून दवाखान्यात घेऊन गेली असती. पण ती नव्हती, आणि ठकीचा बाबाच्या शब्दावर विश्वास होता.

ठकीनं त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, खालून पाव आणि केळी आणली. उरलेल्या वेळात ती दुसऱ्या खाटेवर पालथी पडून हातपाय मारायची. "बाबा, असंच ना?"

"हात लांब टाक. आणखी. पाय वाकवू नको."

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात. ही पोर चादरीवरच पोहत होती बिचारी. खिडकीखाली दुसऱ्यांची मुलं लाटांत किंचाळायची. तिचे हात मध्येच थांबायचे, मग ती पुन्हा सुरू करायची. सुतारानं ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. स्वतःची इतकी चीड त्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

आईचा फोन आला तेव्हा ठकी गॅलरीत जाऊन बोलली. "मस्त चाललंय. हो, रोज जातो आम्ही." सुतारानं सगळं ऐकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं मनाला सांगितलं.

शेवटी मालकीणच न विचारता डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी चीर उघडली, पू आणि वाळू काढली. "स्वतःला फळी समजलात काय? त्याच दिवशी आला असतात तर दोन टाक्यांत भागलं असतं." आता पाण्याचं नावसुद्धा काढायचं नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी तो लंगडत किनाऱ्यावर जाऊन बसला. "जा ठके, पाय तरी बुडवून ये."

ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली, वळून त्याच्याकडे बघत राहिली आणि परत येऊन शेजारी बसली. "मला नाहीच आवडत पाणी, बाबा."

ती त्याचं मन राखायला खोटं बोलत होती हे त्याला कळत होतं, आणि त्याला जीव नकोसा झाला.

मुलीला न्यायला आई बसस्थानकावर टॅक्सी घेऊन आली होती. "काय गं, शिकलीस का?"

"हो! हे बघ." ठकीनं हवेत हात मारून दाखवले.

आई हसली. सुतारासमोर ती इतकी मोकळी कितीतरी वर्षांत हसली नव्हती. त्याच्या पायाच्या बँडेजकडे तिनं नुसती नजर टाकली. "शिकवलंत हं खरंच! मला वाटलं नव्हतं. आता हिला बिनघोर तलावावर पाठवते. मैत्रिणी सगळ्या खोल बाजूला उतरतात, हीच एकटी काठावर बसते."

ठकीचे हात खाली आले. तिनं बाबाकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. सांगू नका, असं ती म्हणत होती. ती सांगणार नाही हे सुताराला ठाऊक होतं. नाकातोंडात पाणी गेलं तरी ही म्हणेल, काही नाही. त्याचीच पोर होती ती.

"तिला येत नाही," तो म्हणाला. "पाण्यात उतरलीच नाही ती. मी खाटेवर पडून होतो आणि ती माझं करत होती."

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं त्याच्या हातातून ठकीची बॅग घेतली. "चल गं."

"पुढच्या सुट्टीत..." सुतार म्हणाला.

"विचारू नका म्हटलं होतं."

टॅक्सीत बसल्यावर ठकीनं काच खाली केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज समजूतदार होता. "कशाला सांगितलंत, बाबा? मी तिथं उतरलेच नसते. पोट दुखतंय म्हणाले असते."

आईनं ते ऐकलं, सुताराकडे एकदा पाहिलं आणि काच वर केली.