शंभरात ऐंशी बिननवऱ्याच्या

शिकलेली माणसं लई बघितली मी. पण बेळगावात त्या दिवशी एका छपराखाली जेवढे दीडशहाणे बघितले, तेवढे उभ्या जन्मात न्हाय बघितले.

मी मालुबाई. निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडते. माझा ज्योतिबा बेळगावच्या कॉलेजात शिकायचा. कॉलेजानं निबंधाची स्पर्धा लावली: निपाणीच्या तंबाखूतल्या बायकांची स्थिती. पहिला येईल त्याला मुंबईत दोन वर्षं शिष्यवृत्ती, वर राहणं-खाणं. न्हाय मिळाली, तर सोमवारपासनं वखारीत दिवाणजीच्या हाताखाली बसायचं, असं वखारीच्या मालकानं सांगून ठेवलेलं. माझ्या छातीत तंबाखूच्या धुळीचा खकाणा बसला त्यो बसला, पोराच्या नको, एवढंच माझं मागणं व्हतं.

ज्योतिबा दिवाळीची सगळी सुट्टी आमच्यात येऊन बसला. कोण किती खोकती, कुणाचं तान्हं कुठल्या पोत्यावर निजतं, सगळं लिहून काढलं. दुसरा रघुवीर, टिळकवाडीतल्या वकिलाचा लेक. त्यो निपाणीला फिरकलाबी न्हाय. धोतराला तंबाखूचा वास लागंल की! उंटावरनं शेळ्या हाकायची जात ही. त्यानं छापील कागद दिवाणजीकडं धाडले, भरून द्या म्हणून.

दिवाणजी दारात बसून एकेकीला पुढं बोलवायला लागला. नाव? वय? नवऱ्याचं नाव? आता बाई नवऱ्याचं नाव घेती व्हय? आमच्यात एकीच्या नवऱ्याचं नाव दुसरी सांगती. पण दुसरीला त्यो जवळ येऊ देईना. मी म्हटलं, "ज्योतिबाचा बाप." तर म्हणतो, "असलं लिवायला जागा न्हाय, सरक पुढं." आमचे सगळे दादले त्याला ठावं, त्यांच्याच संगं पान खातो मेला. पण कागद दिवस मावळायच्या आत उरकायचे व्हते. जागा मोकळीच सोडली त्यानं.

बक्षिसाच्या दिवशी ज्योतिबानं मलाबी नेलं. सर्व्हिस मोटारीनं गेलो. बायकांच्या खुर्च्या पुढं मांडलेल्या, मी वकिलीणबाईंच्या शेजारी बसले. वकीलसाहेब वर अध्यक्षांच्या जवळ. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "शेवटी दोन निबंध उरले. ज्योतिबाने मनापासून लिहिलं आहे, पण स्वतःच्या आईबद्दल लिहिताना माणूस तटस्थ राहत नाही. रघुवीरचं काम शास्त्रीय आहे. निपाणीच्या शंभर कामकरी बायकांत ऐंशींना नवराच नाही, हे त्याने आकड्यांनी सिद्ध केलं आहे."

टाळ्या! आई गं, काय त्या टाळ्या! घरात जित्ता नवरा रोज भाकरी मागतोय, आणि ह्या भाड्यांनी मला रांडाव केली, तीबी टाळ्या वाजवून.

मी उठलेच. "साहेब, त्या कागदातली मी एक. मला नवरा हाय."

"असं? मग नाव सांगा, बाई."

लगीन झाल्यापासनं त्ये नाव माझ्या तोंडातनं निघालं नव्हतं. उखाण्यातबी मी टाळलेलं. पण ज्योतिबा भिंतीला टेकून उभा व्हता, तोंड वाळलेलं.

"भरमू," मी म्हटलं. "भरमू त्यांचं नाव." कान तापले माझे, डोळ्यांत पाणी आलं.

अध्यक्ष हसले. "ठीक. ऐंशीच्या एकोणऐंशी करू. निष्कर्ष काही बदलत नाही."

मग मात्र मी पिसाळले. वकिलीणबाईंकडं वळले आणि मोठ्यानं विचारलं, "बाईसाहेब, तुमच्या मालकांचं नाव काय वो?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. वकीलसाहेब वरनं बघतायत, लेक बघतोय.

"सांगा की! शिकल्या-सवरल्या तुम्ही."

मान खाली गेली त्यांची.

"लिवा साहेब," मी म्हटलं. "ह्यांस्नीबी नवरा न्हाय. परत ऐंशी झाल्या."

अध्यक्षांनी घसा खाकरला, चष्मा पुसला आणि शिष्यवृत्ती रघुवीरलाच दिली.

येताना मोटारीत ज्योतिबानं दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "आई, तू बाचं नाव घेतलंस."

"घेतलं रं," मी म्हटलं, "आणि असल्या माणसांपुढं फुकट घालवलं."

सोमवारी त्यो माझ्या आधी वखारीत गेला.