आठवड्याची सही

माझ्या आईचा आवाज दर शनिवारी नवा करून घ्यावा लागायचा. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण खरंच तसं होतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिची स्वरपेटी काढावी लागणार हे ठरलं, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने, आमच्या बारक्याने, तिच्यासाठी फोनवर एक ॲप बनवलं. पंखा बंद करून, दारं लावून त्याने तिला खोलीत बसवलं आणि तिच्याकडून रोजची वाक्यं बोलून घेतली. ‘पाणी दे.’ ‘दिवा मालव.’ ‘पोरांनो, जेवलात का?’ एकेका वाक्याला एकेक बटण. ऑपरेशननंतर आई बटणं दाबायची आणि तिच्याच आवाजात आम्हाला कामाला लावायची. माझ्यासाठी खास एक बटण होतं: ‘आधी घोटभर पाणी पी, मग तोंड उघड.’ सगळ्यात जास्त तेच दाबलं जायचं. त्यात आईचा काही दोष नव्हता, माझं तोंडच तसं आहे.

हे ॲप फोनमधल्या ॲपच्या दुकानात मिळणारं नव्हतं. बारक्या ते आपल्या लॅपटॉपवरून थेट आईच्या फोनमध्ये घालायचा. अशा ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही लागते, तिला सर्टिफिकेट म्हणतात, आणि फुकटात मिळणारी सही आठवडाभरच टिकते. ती संपली की ॲप फोनमध्ये असतं, आतलं सगळं जागच्या जागी असतं, फक्त उघडत नाही. पुन्हा सही केली की सुरू. म्हणून बारक्या दर शनिवारी लॅपटॉप खांद्याला लटकवून यायचा.

“अरे, दूधसुद्धा तुझ्या ॲपपेक्षा जास्त टिकतं,” मी म्हणायचे. “वर्षभराची सही घे ना एकदाची.”

“घेतो गं. पुढच्या महिन्यात.”

आईची रेकॉर्डिंग फक्त त्या फोनमध्ये होती. ती दुसरीकडे उतरवून ठेवायची, हेसुद्धा पुढच्याच महिन्यात होणार होतं.

पुढच्या महिन्यात बारक्या गेला. ऑफिसात, खुर्चीत बसल्याबसल्या. मी त्या दिवसांत ज्याच्या त्याच्यावर खेकसत होते. डॉक्टरवर, लिफ्टवर, भेटायला आलेल्यांच्या चपलांवर. वहिनीला, बारक्याच्या बायकोला, तर मी असं काही बोलले की ती नंतर आमच्याकडे फिरकलीच नाही. दुःखात माणसं मऊ होतात म्हणे. मी नाही झाले.

त्या गडबडीत आईने फोन हातात धरलाच नव्हता. बोलायचं तरी काय होतं? मग एका सकाळी तिने बटणांचं ॲप उघडायला घेतलं आणि फोनने सांगितलं, हे ॲप आता उपलब्ध नाही. तिने फोन माझ्यापुढे धरला. तिला वाटत होतं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. ती ओठ हलवून सारखं ‘मी काही नाही केलं’ म्हणत होती, आणि घशातून नुसती हवा येत होती.

मी फोन घेऊन नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार भिंग डोळ्याला लावून कुणाचातरी फुटलेला स्क्रीन काढत होता. त्याने भिंग वर सरकवून सगळं ऐकून घेतलं.

“मी माझ्या नावाने सही करून देईन ताई, पण फोन ते वेगळंच ॲप धरणार. जुन्यावर बसणार नाही. जुनं काढावं लागेल, आणि ते काढलं की आतला आवाजही गेला.”

“मग?”

“ज्याने आधी केली त्याच्याच खात्याने सही झाली पाहिजे. त्याचा लॅपटॉप, त्याचा पासवर्ड. तोवर एकच करा, ॲप डिलीट होऊ देऊ नका. कुणालाही हात लावू देऊ नका.”

घरी येऊन फोन मी आईच्या उशाशी ठेवला. खुणेने आणि शब्दांनी, दोन्हींनी बजावलं, याला कुणी हात लावायचा नाही. अण्णा, म्हणजे आमचे वडील, खिडकीत पेपर वाचत होते. कानातलं मशीन नेहमीप्रमाणे त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. आईचं बोलणं त्यांना तिचे ओठ बघून कळतं, तिचा आवाज होता तेव्हाही तसंच कळायचं. मी त्यांच्या पाठीला सांगून निघाले.

वहिनीच्या दाराशी माझा पाय अडखळला. बारक्याचे बूट अजून बाहेरच्या मांडणीत होते, एकात पायमोजा खोचलेला. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माफी मागायची म्हणून आले नव्हते, ती मागताही येत नव्हती. आईचं नाव ऐकल्यावर तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला.

पासवर्ड तिला ठाऊक होता. पण खात्याने कोड मागितला आणि तो कोड बारक्याच्या फोनवर येणार होता.

“तो बंद करून ठेवलाय,” वहिनी म्हणाली. “सारखा वाजायचा. ज्यांना माहीत नव्हतं ते फोन करायचे.”

कपाटातल्या त्याच्या रुमालांखालून तिने फोन काढला आणि चार्जिंगला लावला. सुरू झाल्यावर मेसेज येतच राहिले, येतच राहिले. ती भिंतीकडे बघत होती. शेवटी कोड आला. तिने तो मला वाचून दाखवला, मी टाकला आणि खातं उघडलं. माझ्या जिवात जीव आला. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघींनी एकमेकींकडे नीट पाहिलं.

“चला ताई,” ती म्हणाली. “मी पण येते.”

घरी आलो तर अण्णा दारातच. चेहरा खुललेला.

“आलात? मी अर्धं काम करून ठेवलंय. हिचा डोळा लागला तेवढ्यात ते बंद पडलेलं काढून टाकलं. आता नवं टाका.”

मला आधी कळलंच नाही. मग फोन बघितला, बटणांचं ॲप गेलं होतं. बारक्यानेच त्यांना शिकवलं होतं. हवामानाचं ॲप अडकलं, बातम्यांचं अडकलं की अण्णा फोन त्याच्यापुढे धरायचे आणि तो दरवेळी एकच सांगायचा: काढा आणि परत टाका, आपोआप चालतं. लेकाचं तेवढं एक ज्ञान त्यांनी पक्कं धरून ठेवलं होतं.

वहिनीने लॅपटॉप उघडला, वायर जोडली, बारक्या करायचा तशी सही केली. ॲप आलं. सगळी बटणं आली, नावं आली. आईने ‘पाणी दे’ दाबलं. काही वाजलं नाही. ‘दिवा मालव’ दाबलं. नाही. ती एकेक बटण दाबत खाली गेली, मग पुन्हा वरून सुरुवात केली. तिचा आवाज गेला होता. दुसऱ्यांदा, आणि आता कायमचा.

“बघ!” परत आलेली बटणं बघून अण्णा मला म्हणाले. “काढून परत टाकलं की चालतं. सांगायचा ना तो?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला ठाऊक आहे, आणि ते ऐकायला त्यांना मशीन लागलं नसतं. पण आईने माझ्याकडे बघत माझं बटण दाबलं. त्यातून काहीच आलं नाही. मी तोंड मिटलं आणि आत जाऊन माठातलं घोटभर पाणी प्यायले.

बाहेर आले तेव्हा आईचं बोट सगळ्यात खालच्या बटणावर होतं. त्यावर ‘चाचणी’ लिहिलेलं होतं. ते बारक्याने स्वतःसाठी केलं होतं, ॲपच्याच आत, म्हणून लॅपटॉपवरून ॲपबरोबर तेही परत आलं होतं. तिने ते दाबलं.

“आई, ऐकू येतंय का?” बारक्या म्हणाला.

वहिनीने तोंडाला पदर लावला. आईने मान डोलावली. पुन्हा दाबलं. “आई, ऐकू येतंय का?” पुन्हा मान डोलावली.

अण्णांना आवाज कळला नाही, मान दिसली. “चालतंय ना?” त्यांनी विचारलं.

आईने त्यांच्याकडे बघून तिसऱ्यांदा मान डोलावली, आणि ते समाधानाने पेपराकडे वळले.

वहिनी वायर गुंडाळत होती, तिला ती नीट गुंडाळता येत नव्हती. मी जाऊन दुसरं टोक धरलं.

“शनिवारी किती वाजता येऊ, ताई?” तिने विचारलं.