अॅक्सलमधली हळद

चैतरामची पिकअप माझ्या गॅरेजात आली तेव्हा केबिनमध्ये त्याचा बाप बसलेला होता आणि तो काही केल्या खाली उतरायला तयार नव्हता.

माझं गॅरेज सौंदडला, हायवेच्या कडेला. पुढच्या चाकांनाही जोर लागणाऱ्या फोर-व्हील गाड्यांचा अॅक्सल खोलायला या भागात फारसं कोणी धजत नाही, त्यामुळे जंगलपट्टीतल्या असल्या सगळ्या गाड्या शेवटी माझ्याच गळ्यात पडतात. इंद्रकुमार मिस्त्री तापट आहे, असं लोक म्हणतात. म्हणू देत. लोक गाड्यांची काय दशा करून आणतात हे रोज बघावं लागलं असतं, तर त्यांचंही डोकं थंड राहिलं नसतं.

चैतराम केशोरीकडचा. त्याच्या शेताचा रस्ता गावच्या तलावाच्या सांडव्यावरून जातो आणि पावसाळाभर त्या सांडव्यावरून पाणी वाहत असतं. म्हणून त्यानं जुनी फोर-व्हील पिकअप घेतली, स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून ती चांगली हातभर उचलली आणि वर मोठे टायर चढवले. गावभरची खताची पोती, डिझेल इंजिनं, वेळप्रसंगी बाळंतीण बाईसुद्धा तो त्यातून नेतो. गाडी एवढी उंच, की उदाराम म्हाताऱ्याला चढायला खाली पाट ठेवावा लागतो. एकदा चढला की म्हातारा राजासारखा बसतो.

"बाबा, उतरा ना आता," चैतराम वैतागून म्हणाला.

"काऊन उतरू? बैल दवाखान्यात नेला तं दावं धरून कोनी उभा रायते का नाई?"

चैतरामनं कपाळाला हात लावला आणि मला कॉम्प्रेसरच्या मागं घेऊन गेला. मागच्या आठवड्यात कालव्याच्या रस्त्यानं येताना एका खड्ड्यातून चाक गेलं आणि स्टेअरिंग असं थरथरायला लागलं, की दोन्ही हातांनी आवरेना. गाडी पार कालव्याच्या काठाला जाऊन थांबली. शेजारी त्याची बायको शामकला होती.

"थे अजूनबी गाडीत बसत नाई, भाऊ. पायी जाते वावरात," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "उजव्या चाकामागच्या बोल्टावर पान्ह्याचे ताजे घाव दिसून राहिले. मी तं पान्हा लावलो नाई. बाबाच दिवसभर गाडीच्या मागंपुढं रायते. तू खोलून पाय. बाबाचा हात लागला असन, तं आजपासून गाडीले हात नाई लावू देत त्याईले. फडकाबी नाई."

एवढं सांगून तो मी लिहून दिलेलं सामान आणायला बसनं गोंदियाला गेला. पोरगा गेल्यावर म्हातारा आपला आपण उतरला आणि जुन्या टायरवर बसला.

त्याच्याबद्दल मला थोडंफार ठाऊक होतं. पिकअप आली त्या वर्षी घरची बैलजोडी विकली गेली. तेव्हापासून म्हातारा सकाळी उठून गाडी पुसतो, टायरच्या खाचांतले खडे काढतो, संध्याकाळी गाडी परत आली की तिच्याभोवती एक चक्कर मारतो. कोणी सांगितलेलं नाही, कोणाला त्याची गरजही नाही. पण त्याच्या वाट्याला आता तेवढंच काम उरलं होतं, आणि ते काढून घेतलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, हे मला काही सुचेना.

मी पुढचा भाग उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवला, चाकं काढली आणि डाव्या बाजूला हात घातला. हब, म्हणजे चाकाच्या मधोमधचा गोल डबा, उघडला तर आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं. पाणी शिरलेलं होतं. बेअरिंगच्या गोळ्यांना गंज चढलेला. त्याच्या मागचा सांधा, ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं, तोही आतून लाल झालेला. त्यातली किंगपिन, म्हणजे वळायची खीळ, हातानं हलवली तर खुळखुळ वाजली. सांडव्याच्या रस्त्यावरची गाडी म्हटल्यावर मला फार नवल वाटलं नाही.

मग मी उजवी बाजू खोलली.

सांध्यातलं ग्रीस पिवळं होतं. ग्रीसचा पिवळा रंग वेगळा असतो, हा तो नव्हता. बोटावर घेऊन वास घेतला. हळद, आणि तिच्यासोबत आंबलेलं लोणी. सांध्याच्या तळाशी सुकलेल्या पानाचा तुकडा चिकटलेला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बाबाजी, हे काय होय?"

म्हातारा टायरवरून उठला, जवळ आला, माझ्या बोटाकडं बघत राहिला.

"खांद शेकलो," तो म्हणाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून सुजलेल्या खांद्यांवर लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेक द्यायचा आणि उद्याचं जेवायचं आवतण बैलाच्या कानात सांगायचं. हे मला सांगायची गरज नव्हती. माझ्याही घरी होत होतं.

"जोडी नाई, तं कोनाचे खांदे शेकू?" म्हातारा म्हणाला. "वर्षभर वजन तं यानंच ओढलं ना. वरचा बोल्ट खोललो, पानानं आत सोडलो. डाव्या बाजूचा बोल्ट निघाला नाई."

"नशीब तुमचं," मी म्हणालो, आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. लोणी म्हणजे ग्रीस नव्हे, ते तापलं की पातळ होतं, आतलं चांगलं ग्रीसही सोबत घेऊन वाहून जातं, मग लोखंडावर लोखंड घासतं, किंगपिन ढिली होते आणि चाक नाचायला लागतं. हे सगळं मी चढ्या आवाजात सांगितलं.

माझं संपल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग सून मरत होती, थे माह्या हातानं?"

माझा राग जागच्या जागी विझला. खोटं बोलावंसं फार वाटलं. नाही म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडणार होतं? पण लोखंडाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही, आणि म्हाताऱ्यानं मला बरोबर तिथंच गाठलं होतं.

"उजवं चाक तुमच्या हातानं गेलं," मी म्हणालो. "डावं पाण्यानं गेलं. एकच गेलं असतं तर गाडी एवढी भडकली नसती. दोन्ही मिळून झालं."

"डाव्यात पानी कसं गेलं? रबराची सील तं होती."

"गाडी पळून आली की हब तापतो. तसाच थंड पाण्यात घातला, की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. गाडी तलावात उभी केली होती काय कधी?"

म्हातारा पुन्हा टायरवर जाऊन बसला.

"पोळ्याच्या सकारी," तो म्हणाला. "अर्जुनीवरून दणकत आला अना सीधा तलावात उतरवला, धुवाले; डावं चाक पुरं बुडालं. मी पाळीवरून सांगून राहिलो, बाबू, तापून आलेला बैल पयले सावलीत उभा करते, घाम मरू देते, मंग पान्यात घालते. तं म्हने, बाबा, हा बैल होय काय?"

मी हातातला पान्हा खाली ठेवला. बैलाचा एक नियम पाळून बापानं उजवं चाक घालवलं होतं आणि बैलाचाच दुसरा नियम मोडून पोरानं डावं. एवढ्या वर्षांत असला अॅक्सल माझ्याकडं आला नव्हता.

"चैतरामले मी सांगन," म्हातारा म्हणाला. "तू नोको सांगू."

"तो गाडीला हात लावू देणार नाही मग."

"नाई देल तं नाई देल. सून वाचली ना."

दुपारी चैतराम सामान घेऊन आला. त्याला बसायलाही न देता म्हाताऱ्यानं सगळं सांगून टाकलं. लोणी, हळद, बोल्ट, काहीच लपवलं नाही. चैतरामचा चेहरा लाल झाला.

"शामकला होती गाडीत, बाबा," एवढंच तो म्हणाला. पण ते अशा आवाजात म्हणाला, की म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

"आता हे बी पाय," मी म्हणालो आणि डावा हब त्याच्यासमोर धरला. "हे तुझं." पाणी कसं शिरलं ते सांगितलं. पोळ्याच्या सकाळचं नाव काढलं तसा तो बापाकडं बघायला लागला.

"मी सांगितलं होतं" असं म्हणायला याहून चांगली संधी कोणाला मिळत नाही. म्हातारा हायवेवरचे ट्रक बघत बसला. त्याच्या जागी मी असतो तर सोडलं नसतं, हे मी कबूल करतो.

मग आम्ही कामाला लागलो. जुन्या किंगपिना ठोकून काढल्या, सांधे डिझेलनं धुतले, नव्या पिना बसवल्या. त्यांच्याखाली पातळ चकत्या घालत-काढत सांधा असा जुळवला, की हातानं वळवला तर जरा जड जावा, पण अडू नये. गाडी उचलताना ज्यानं ठोकळे घातले होते त्यानं अॅक्सलचा कल बिघडवून ठेवला होता. त्यासाठी पाट्याखाली पाचर मारली. त्या माणसाला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं काम तळहाताचं असतं. तळव्यावर ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायची, वरच्या फटीतून ग्रीस डोकावेपर्यंत. मी उजवं बेअरिंग म्हाताऱ्याच्या हातात दिलं, डावं चैतरामच्या. चैतरामनं बापाच्या हाताकडं बघितलं आणि बाह्या वर सारल्या. बाप-लेक एकमेकांकडं न बघता टायरवर बसून ग्रीस मळत राहिले. म्हाताऱ्याचं आधी झालं.

"पाण्यात घालायच्या आधी हबाला तळहात लावायचा," सील बसवताना मी चैतरामला सांगितलं. "हात टिकला तर घाल. नाही टिकला तर थांब."

"मले सबूर नाई, भाऊ."

"ते दिसलंच."

अॅक्सलचं काम केलं की मी गाडी तिच्या रोजच्या रस्त्यावर चालवून बघतो, म्हणून त्यांच्यासोबत निघालो. मधे म्हातारा बसला. कालव्याच्या रस्त्यावर चैतरामनं त्याच खड्ड्यातून मुद्दाम चाक काढलं. स्टेअरिंग जरा हाललं आणि सरळ झालं. चैतरामनं मोठा श्वास सोडला. माझाही जीव भांड्यात पडला, फक्त मी ते दाखवत नाही.

सांडव्यापाशी पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. धानाच्या बांध्यांवरून वारा येत होता. अलीकडच्या काठावर शामकला गवताचा भारा घेऊन उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पायी पाण्यात उतरायच्या बेतात. गाडी बघून ती बाजूला झाली.

चैतरामनं सवयीनं गिअर टाकला. मग तो थांबला. गाडी मागं घेऊन मोहाच्या झाडाखाली लावली आणि इंजिन बंद केलं.

"बाबा," समोर बघतच तो म्हणाला, "पाहा बरं."

म्हातारा माझ्यावरून ओलांडत घाईनं उतरला, पाट मागायलाही थांबला नाही. त्यानं डाव्या हबाला हात लावला, मग उजव्याला, आणि चटकन काढून घेतला.

"राहू दे जरासा. तापला हाये."

आम्ही बसून राहिलो. एवढं उतावळं पोरगं, पण तेही स्टेअरिंगवर हात ठेवून गप्प बसलं होतं. सांडव्याच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. शामकलानं भारा खाली ठेवला. सासरा काय करतोय ते ती बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, नवऱ्याला नाही, म्हाताऱ्याला:

"मामाजी, आता जमते काय?"

उदारामनं पुन्हा उजव्या हबावर तळहात ठेवला. या वेळी तो काढला नाही. डोळे मिटून, बैलाच्या खांद्यावर ठेवावा तसा तो हात त्यानं तिथं ठेवला. मग सुनेकडं बघितलं.

"बस, बाई," तो म्हणाला.

शामकलानं भारा मागं टाकला आणि ती गाडीत चढली.